रविवारचं टिंब

अखिल भारतीय पाहुणे निवारण समितीच्या सर्व सन्माननीय सभासदांना कळवण्यात येते की, समितीच्या संस्थापक अध्यक्षा, अकोला शाखेच्या एकमेव प्रतिनिधी आणि न सांगता आलेल्या पाहुण्यांच्या आद्य शत्रू सौ. झेंडू यांनी गेल्या रविवारी समितीची कोणतीही पूर्वपरवानगी न घेता या जगाचा निरोप घेतला आहे. समितीचं कामकाज अनिश्चित काळासाठी तहकूब करण्यात येत आहे. एकूण सभासद चार होते. आता तीन.

हे निवेदन मी परवा आपल्या गटावर टाकलं, झेंडू. सचिव म्हणून ते माझंच काम होतं. आप्पांनी बेळगावहून लिहिलं, "अध्यक्षांनी दहापैकी आठ दिले असते. दोन गुण हस्ताक्षराचे कापले असते." बडोद्याच्या रेणूने काहीच लिहिलं नाही. तासाभराने तिचा फोन आला आणि ती नुसती फोन धरून बसली. मीही बसले. तिचा पंखा मला ऐकू येत होता, माझा तिला.

दुःखाचं पत्र सरळ कसं लिहायचं ते मला येत नाही, हे तुला माहीत आहे. माझ्या आईच्या वेळी मी गटावर लिहिलं होतं की आमच्या मातोश्रींनी अखेर सर्व सुनांना माफ केलं आहे, आणि तू एकटीने ओळखलं होतंस की मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. तू एवढंच विचारलंस, "घरात पोहे आहेत का?" होते. "भिजव." मी भिजवले.

सोळा वर्षांत तुम्ही एकमेकींशी बोललात तरी काय, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नाही. पाणी आलं का. भाजी कसली. तुमच्याकडे ऊन किती. शेजारणीने पुन्हा आपल्या बाजूच्या दोरीवर चादर टाकली, त्यावर काय कारवाई करावी. रेणूचा गुडघा. आप्पांची मांजर, जी आप्पांपेक्षा जास्त वेळा दवाखान्यात जाऊन आली. यातलं एकही वाक्य कुणाला वाचून दाखवावं असं नाही. पण रोज सकाळी तुझं "पाणी आलं का वं?" दिसलं की मला वाटायचं, चला, दिवस सुरू करायला हरकत नाही.

आपली ओळख झाली तीच मुळी तुझ्या तक्रारीवरून. सोळा वर्षांपूर्वी एका मराठी संकेतस्थळावर तू प्रश्न टाकला होतास: "पाहुणे उठत नाहीत. काय करावं?" तेव्हा सगळेच टोपणनावांनी लिहायचे. तू झेंडू, कारण तुझ्या म्हणण्याप्रमाणे झेंडू देवालाही चालतो आणि ट्रकलाही. मी तोफ, माझ्या आवाजामुळे. फोनवर मला आजही लोक साहेब म्हणतात. लग्नाआधी माझ्या सासऱ्यांचा फोन आला होता, तेव्हा मुलीचे काका समजून त्यांनी पत्रिकेची सगळी बोलणी माझ्याशीच उरकली होती. मुलगी शांत स्वभावाची आहे, असं मीच त्यांना सांगितलं.

तुझ्या प्रश्नाखाली लोक सल्ले देत होते. कोणी म्हणालं झाडू उलटा उभा करा, कोणी म्हणालं चहा बेचव करा. मी लिहिलं, "नंबर पाठवा, मी उठवते." आणि तू एका अनोळखी बाईला खरंच नंबर पाठवलास. पाचव्या मिनिटाला मी अकोल्याला फोन लावला. "नमस्कार, गॅस एजन्सीतून बोलतोय. तपासणीला माणूस निघालाय. घरात बाहेरचं कोणी असेल तर त्यांची नावं लिहून घ्यावी लागतील." तू मोठ्याने म्हणालीस, "नावं लिहून घेणार का साहेब?" आणि मागे चपला शोधायची धांदल मला इकडे भिवंडीत ऐकू आली.

तेव्हा आमच्या घराला लागून आमची शेड होती, आठ पॉवरलूमची. मागांची खटखट फोनमधून तुझ्यापर्यंत पोचायची. तुला वाटलं मी खरंच कुठल्या तरी कचेरीत आहे आणि मागे दहाजणी टायपिंग करतायत. "तुझं ऑफिस लई कामाचं दिसते बाप्पा," तू म्हणालीस. समितीची स्थापना त्या वाक्यावर झाली.

मग रेणू आली, तिला सासरचे लोक होते म्हणून. मग आप्पा आले. आप्पांकडे मात्र कुणीच येत नाही. एकटा जीव, बँकेतून निवृत्त. पाहुण्यांचा त्यांना काही त्रास नव्हता, त्यांना काम आवडलं. पद्धत अशी ठरली की सुटका हवी असेल त्याने गटावर फक्त एक टिंब टाकायचं. पाहुणा मान लांब करून बघत असला तरी त्याला काय कळणार? ज्याला वेळ असेल त्याने फोन करायचा. फोन करणाऱ्याने काहीही विचारायचं नाही, नुसतं बोलत सुटायचं. समोरच्याने "हो" आणि "येते" याखेरीज काही म्हणायचं नाही. पाहुणे गेले की दहापैकी गुण द्यायचे. काही विचारायचं नाही, हा नियम माझा. आवाज फोनबाहेर जातो, प्रश्न विचारला की नाटक फुटतं, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. मला त्या नियमाचा अभिमान होता. तू तर माझा नंबरच "गॅस एजन्सी" या नावाने ठेवलास.

तुझी सगळ्यात गाजलेली मोहीम म्हणजे वाशीमचे चुलत दीर. एक दाढ काढायला आले आणि तोंडातला एकेक दात दाखवून घेत बारा दिवस राहिले. बाराव्या दिवशी टिंब आलं. मी त्या दिवशी जरा जास्तच केलं. "तुमच्या इमारतीत गळती आहे, ताबडतोब खाली उतरा." दीर पिशवी घेऊन उतरले ते थेट स्टँडवर गेले. तू मला साडेनऊ दिलेस. अर्धा गुण कापलास, कारण त्यांची कवळी तुझ्या कपाटात राहिली होती.

एकदा आप्पांनी टिंब टाकलं. आम्ही तिघी चक्रावलो. आप्पांकडे पाहुणे? तू फोन केलास. तू नियमाप्रमाणे सुरू झालीस, तर आप्पा म्हणाले, "कोणी नाही हो. टिंब चालतं का बघत होतो." तू तासभर त्यांच्याशी बोललीस. मांजर, पेन्शन, बेळगावची हवा. आणि मी काय केलं, तर सचिवांच्या अधिकारात फतवा काढला: टिंब हे केवळ पाहुण्यांसाठी आहे, उगाच टाकणाऱ्याला दंड म्हणून आठवडाभर रेणूच्या गुडघ्याची विचारपूस करावी लागेल. सगळे हसले. तूही हसण्याचं चित्र टाकलंस. त्यानंतर कुणीही पाहुण्यांशिवाय टिंब टाकलं नाही. निदान गेल्या रविवारपर्यंत मी तसं समजत होते.

आमचे माग चार वर्षांपूर्वी बंद झाले. गल्लीतल्या एकेक शेडला कुलूप लागत होतं, आमची पाळी आली. भंगारवाल्याचा टेम्पो येऊन माग घेऊन गेला. आमचे हे रिकाम्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. पंचवीस वर्षं मी त्या घरात ओरडून बोलले होते. कुकरची शिट्टी मला कधी ऐकू आली नव्हती, मी वाफ बघून गॅस बंद करायचे. आता दुपारी वाटी खाली ठेवली तरी दोघं दचकायचो. मी गटावर लिहिलं, "घर फार गप्प झालंय." रेणूने गाणी ऐक म्हणून सांगितलं. आप्पांनी मांजर पाळ म्हणून सांगितलं. तुझा फोन आला. "फोन ओट्यावर ठेव. बोलू नको. मी माझं काम करते, तू तुझं कर."

तीन महिने, रोज दुपारी. तुझ्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलं नाही, पण तुझा खलबत्ता मला ओळखू येतो. तुझ्या फ्रीजचं दार दोनदा लावावं लागतं. तू गुणगुणतेस ते कुठल्याच गाण्याचं नसतं. चार वाजता आतून तुझ्या नवऱ्याचा, म्हणजे सरांचा, आवाज यायचा, "चहा." एवढंच. पुढे पंधरा मिनिटं कपबशी. एक दिवस मला रडू फुटलं आणि तू मिरच्यांची देठं मोडत राहिलीस. एकेक देठ तुटल्याचं मी ऐकत होते. मिरच्या संपल्या असणार, पण तू मोडत होतीस. मग मला अंजूरला गोदामात हिशेबनीस म्हणून नोकरी लागली, ओट्यावरचे फोन बंद झाले, आणि मी तुला साधं थँक्यूही म्हटलं नाही. उलट टोमणा मारला की मिरच्या एवढ्या खातेस म्हणून तुझे सर गप्प असतात.

सरांवरून आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. गणिताचे निवृत्त शिक्षक. पेपर दोनदा वाचतात, दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन. आम्ही त्यांना फार हसलो. पण मी तुला दरवर्षी एकदा तरी म्हणायचे, "त्यांना आमच्याबद्दल सांग."

"काय सांगू? की मी सोळा वर्षं गॅस एजन्सीशी बोलून राहिले?"

"मग मी अकोल्याला येते. समोर उभी राहते. होऊन जाऊ दे."

"तू आलीस तर पाहुणी होशील. मग मी टिंब कुणाले पाठवू?"

मी हसले, पण मला लागलं होतं. आठ दिवस मी तुला त्रोटक उत्तरं दिली. तू विचारलंस भाजी कसली, मी लिहिलं "आहे." शेवटी तूच फोन केलास. "तोफे, रागावू नको. माणूस वाईट नाही गं. त्यांना सांगितलं तर सगळं करतात. मला सांगायचा कंटाळा येतो. आता या वयात कुठून सुरुवात करू?" मी म्हणाले, "हाक मारण्यापासून." तू म्हणालीस, "दूध वर आलं, ठेवते." पुढचं बोलणं झालंच नाही. मी खरं तर पुढचा मुद्दा तयार ठेवला होता. अजून आहे.

गेल्या रविवारी दुपारी चार वाजता टिंब आलं. तुझं. मी शेंगदाणे भाजत होते. गॅस बारीक केला, घसा साफ केला, शेजारच्या शेडचे चार माग अजून चालतात म्हणून मागची खिडकी उघडली, कारण कचेरीशिवाय मजा नाही.

"नमस्कार, गॅस एजन्सीतून बोलतोय. प्रमिला मॅडम का?"

"हो."

"मॅडम, तुमच्या नावावर आमच्याकडे तीन शेगड्या दिसतायत. एक अकोल्याला, एक उज्जैनला आणि एक बोटीवर."

तुझा श्वास मोठ्याने येत होता. तू हसू दाबताना तोंडात पदर कोंबतेस, तेव्हा असाच येतो. मी आणखी चढले.

"बोटीवरच्या शेगडीला सही लागेल. आत्ताच्या आत्ता या. येताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि घरातली सगळ्यात जुनी कढई आणा."

"हो साहेब."

इथे संपतं. नेहमी इथेच संपतं. मी म्हणाले, "या मग, वाट बघतो." तू म्हणालीस, "थांबा साहेब. अजून सांगा."

सोळा वर्षांत तू असं कधी म्हणाली नव्हतीस. मला वाटलं, पाहुणा चिवट आहे. आणि खोटं कशाला बोलू, मी खूश झाले. मी त्या कढईच्या चौकशीला दिल्लीहून अधिकारी बोलावला. त्याला वांग्याचं भरीत आवडतं पण देठ चालत नाही, असं सांगितलं. त्याची बायको बोटीवर असते आणि तिला शेगडी पेटवता येत नाही, म्हणून हे सगळं प्रकरण उद्भवलं, असं सांगितलं. तू मधे मधे "हं" म्हणत होतीस. शेवटी तू म्हणालीस, "बरं झालं फोन केलात." आणि फोन बंद झाला. हेही कधी म्हणाली नव्हतीस.

सहा वाजता मी लिहिलं, "गुण?" उत्तर नाही. आठ वाजता तीन प्रश्नचिन्हं. सोमवारी मी रुसले. ठरवलं, गुण येईपर्यंत बोलायचं नाही. सकाळी "पाणी आलं का वं?" आलं नाही, तर मला वाटलं तूही अडून बसलीस. मंगळवारी मी रेणूला कळवलं की अध्यक्षांना माज आलेला आहे. हे मी लिहिलं तेव्हा तुला जाऊन दोन दिवस झाले होते.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी गोदामात होते. बाहेर ट्रक लागला होता, ड्रायव्हर पावतीवर सही मागत होता, आणि फोनवर तुझं नाव आलं. चार दिवसांचा राग साठला होता. सरळ बोलणार नव्हते. होता नव्हता तेवढा जाडा आवाज काढला, "गॅस एजन्सी. बोला."

आमचे लोडिंगचे सुपरवायझर सलीमभाई हसायला लागले. "मॅडम, गॅस का भी काम पकड लिया क्या?"

फोनवर पुरुषाचा आवाज होता. "नमस्कार साहेब. मी प्रमिलाचा मिस्टर बोलतो जी, अकोल्याहून. ती रविवारी संध्याकाळी वारली. हार्टचं झालं."

माझा हात टेबलावरच्या पावत्या उलटत राहिला. त्यांना वाटलं असेल, कचेरीतला माणूस फाइल शोधतोय. ते थांबले, मग पुढे म्हणाले, "मी काल एजन्सीत जाऊन आलो. ते म्हणतात, रविवारी बंद असते, इथून कुणी फोन केलाच नाही. पण तिच्या मोबाइलमध्ये शेवटचा फोन तुमचा आहे. तिचं काही काम अर्धवट राहिलं असेल तर सांगा. काय कागद लागतात ते सांगा. मी करतो."

झेंडू, मी त्या आवाजातून बाहेर पडू शकले नाही. मला माझा दुसरा आवाज सापडला नाही. मी त्याच जाड्या आवाजात म्हणाले, "नाही सर. काही राहिलेलं नाही. मॅडमचं सगळं पूर्ण आहे."

"बरं," ते म्हणाले. "उपकार झाले तुमचे."

ड्रायव्हर अजून पावती पुढे धरून उभा होता. मी सही केली. सही बघून सलीमभाईंनी ती पावती त्याच्या हातातून काढून घेतली आणि मला खुर्चीवर बसवलं.

"क्या हुआ मॅडम?"

"सहेली थी. गुजर गई. अकोला में."

"तो आप निकलो. इधर मैं देखता हूँ. मिट्टी कब है?"

"हो गया होगा सब. इतवार को ही गई."

"कितने साल की पहचान थी?"

"सोलह."

"आखरी बार कब मिले थे?"

मी त्यांना सांगितलं, कधीच नाही. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बाहर चल, मैं बताता हूँ तेरे को."

अकोल्याला जावं असं मनात आलं. गाड्यासुद्धा बघितल्या. पण दारात उभी राहून सांगणार काय? कोण तुम्ही? शेजारची नाही, नात्यातली नाही, शाळेतली नाही. तुझ्या घरच्या दिवसांच्या गर्दीत मी अगदी तेच होणार होते, ज्याच्याविरुद्ध आपण समिती काढली.

परवा रात्रीच्या जेवणाआधी आम्ही तिघं फोनवर बसलो. आप्पा म्हणाले, "सांगून टाका त्यांना. बायकोचं शेवटचं बोलणं आहे. ते त्यांच्याकडेच असायला पाहिजे, आपल्याकडे नको." रेणू म्हणाली, "अजिबात नको. त्यांना गॅसवाल्याचा फोन वाटतोय ना? वाटू दे. तेवढा तरी सोपा राहू दे त्यांना." आप्पा म्हणाले, "ते बिचारे एजन्सीत जाऊन आले." रेणू म्हणाली, "म्हणूनच." मी दोघांचं ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: त्या दिवशी तुझ्याकडे पाहुणे होते का?

असतील तर मी माझं काम केलं. चार मिनिटं तुला त्यांच्यापासून सोडवलं, तू हसलीस, आणि मग जे झालं ते झालं. पण नसतील तर? तर तुला दुखत होतं, तू एक टिंब टाकलंस, आणि मी इकडे पाचशे किलोमीटरवरून तुला बोटीवरच्या शेगडीची गोष्ट सांगत बसले. एकदा जरी "काय गं, बरी आहेस ना?" म्हटलं असतं तरी तू सांगितलं असतंस. किंवा नसतं. मला माहीत नाही. मी विचारायचं नाही असा नियमच केला होता. आणि तू नियम मोडणारी नव्हतीस, तू आमची अध्यक्षा होतीस.

कधी वाटतं, तू "अजून सांगा" म्हणालीस, म्हणजे तुला तेच हवं होतं. माझा हा भसाडा आवाज, मागे खटखट, काहीतरी वेडंवाकडं. मी माझ्या ओट्यावर तुझ्या मिरच्यांचे आवाज ऐकत होते तसं. तसं असेल तर मी धन्य झाले, खरंच. मग लगेच वाटतं, ही सोय मी माझ्यासाठी करून घेतेय. बोलणारी माणसं अशी सोय पटकन करतात.

काल दुपारी मी तुझा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला साहेब."

"सर, मी साहेब नाही. मी बाई आहे. आणि मी गॅस एजन्सीतली नाही."

मग मी सगळं सांगितलं. टिंब, समिती, रेणू, आप्पा, बोटीवरची शेगडी. माझ्या खऱ्या आवाजात, जो अगदी तसाच आहे. मधे दोनदा थांबले, ते "हं, बोला" म्हणाले. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीला पूर्ण बोलू द्यावं, तसं त्यांनी मला बोलू दिलं. मग विचारलं, "वाशीमचा भाऊ आला होता, तेव्हा गळती झाली होती. ते पण तुम्हीच?"

"हो सर."

"मी प्रमिलाला खाली पाठवलं होतं. आणि ओलं गोणपाट घेऊन सिलिंडरपाशी उभा होतो. अर्धा तास."

हे तू आम्हाला कधी सांगितलं नव्हतंस, झेंडू. साडेनऊ गुण दिलेस आणि हे ठेवून घेतलंस.

मला तिथेच फोन ठेवावा असं वाटलं. पण मी विचारलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी फोनवर सरळ प्रश्न विचारला. "सर, रविवारी चार वाजता तुमच्याकडे कोण आलं होतं?"

"कोणी नाही जी."

"शेजारचं वगैरे कुणी?"

"कोणीच नाही. रविवारी आम्ही दोघंच असतो. ती स्वयंपाकघरात होती. हो साहेब, हो साहेब म्हणताना मी ऐकलं. म्हटलं, गॅसवाला असेल. तिला नीट ऐकू यावं म्हणून मी टीव्हीचा आवाज कमी केला. साडेचारला चहा आला नाही म्हणून उठलो. ओट्याला टेकून बसली होती. खाली. दवाखान्यात नेईपर्यंत बोलत नव्हती."

माझ्याकडे इतके आवाज आहेत, त्यातला एकही चालला नसता. फोन लागलेला आहे की नाही ते मी दोनदा बघितलं. लागलेला होता.

मग ते एकदम म्हणाले, "अहो, मी बाजूच्याच खोलीत होतो. मला हाक मारायला काय झालं होतं हिला?"